काश्यप गोत्राचं हाड

माणसाच्या मणक्यापर्यंत पोचायला तीन रस्ते आहेत. पोटातून, कुशीतून आणि पाठीतून. डॉक्टर पारेखबेन प्लॅस्टिकचा कणा हातात धरून हे समजावत होत्या तेव्हा मला वाटलं, बडोद्याहून सुरतेला जायलाही पर्याय बरेच असतात, पण शेवटी सगळे हायवेनेच जातात. बाबांचंही पाठीतूनच ठरलं.

त्यांचा कमरेचा चौथा मणका पाचव्यावरून पुढे घसरला होता. मधली गादी झिजली होती आणि त्यात पायाची नस सापडली होती. पारेखबेन म्हणाल्या, "गादी काढायची. त्या जागी हाडाचा ठोकळा बेसवायचा. मागून स्क्रू आणि सळया, एटले ठोकळा हलायला नको. पछी काही महिन्यांत वरचं हाड, खालचं हाड आणि ठोकळा मिळून एकच हाड होऊन जातं." पारेखबेन जन्माने गुजराती, पण लहानपण मराठी शेजारात गेलेलं. त्यामुळे त्या दोन्ही भाषा एकाच वाक्यात बोलतात आणि दोन्हीकडची माणसं त्यांना आपली समजतात.

हे ऐकायला बाबा तिथे नव्हते. श्रीयुत दत्तात्रेय निरगुडकर यांनी प्रतापनगरच्या रेल्वे ऑफिसात सगळी नोकरी न घाबरता केली, पण शरीराच्या आतलं काही त्यांना ऐकवत नाही. दाढ काढायच्या वेळीसुद्धा ते म्हणाले होते, "मी बाहेर बसतो, तुम्ही काढून घ्या." आताही ते म्हणाले, "बेन, जे काय असेल ते अमोघला सांगा. मला फक्त सही कुठे करायची ते दाखवा." आणि आईला घेऊन बाहेर पाण्याच्या कूलरपाशी जाऊन बसले.

अमोघ म्हणजे मी.

पारेखबेननी विचारलं, ठोकळा कुठून घ्यायचा? काकांच्याच कमरेच्या वरच्या हाडातून काढला तर दुसरी चीर येणार, आणि ती जागा पाठीपेक्षा जास्त दिवस दुखते. नाहीतर हाडांच्या बँकेतून. मी "बँकेतून" म्हणालो. चहा की कॉफी विचारल्यावर सांगतात तसं. मग बँकेतलं हाड येतं कुठून, ते त्या बराच वेळ सांगत होत्या. त्या वेळात मी आमच्या ग्रुपवर टाइप करत होतो, "बाबांनी हाडांच्या बँकेत खातं उघडलं. काढायला गेलो तर सही जुळेल ना?" भरपूर हसरी तोंडं आली. मी ती बघत होतो. पारेखबेनचं बोलणं संपलं तेव्हा मी मान हलवली.

बाहेर जाऊन त्यांनी बाबांनाही विचारलं, "काका, बँकेचं हाड वापरते. चालशे ने?" बाबा डोळे मिटून म्हणाले, "चालेल, चालेल."

ऑपरेशन उत्तम झालं. दुसऱ्या दिवशी सलीलने बाबांना उभं केलं. सलील माझा शाळेपासूनचा मित्र, आता त्याच हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. बाबा कमरेला पट्टा बांधून कॉरिडॉरच्या टोकापर्यंत जाऊन आले आणि म्हणाले, "पाय पुन्हा माझा वाटतोय." आम्ही त्यांना हरणी भागातल्या आमच्या फ्लॅटवर घरी आणलं. सगळं इतकं सरळ चाललं होतं की मला बोलायला काहीच उरलं नव्हतं. आमच्या घरात अशी शांतता झाली की ती मोडायची जबाबदारी मी स्वतःकडे घेतो. कुणी दिलेली नाही.

सकाळी आई बाबांचं अंग पुसत होती. ती म्हणाली, "अहो, चीर एकच आहे मागे. त्या समोरच्या जोशीबुवांना कमरेवर दुसरी होती बघा. तिथूनच हाड काढलं होतं ना त्यांचं?"

बाबा खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. बाल्कनीत जायला निघाले होते. ते वळले. वळायची त्यांना बंदी होती, म्हणून रोडरोलर वळतो तसे सगळेच्या सगळे वळले. "अमोघ, मग माझं कुठून काढलं?"

"तुमचं नाही काढलं. बाबा, तुमच्याकडे आता कायमचा पाहुणा आहे. भाडं देत नाही, पण चहाही मागत नाही."

"कोण पाहुणा?"

"नाव नाही माहीत. असेल कुणीतरी कैलासवासी."

मला खरंच तसं वाटत होतं. हाड देतं कोण, तर ज्याचं काम संपलं तो. यात विचारण्यासारखं काय आहे, असं मला वाटलं, म्हणून मी विचारलं नव्हतं.

बाबा खाली बसले, आणि मग आडवे झाले.

इथे बाबांबद्दल एक सांगायला हवं. दुसऱ्याची वस्तू त्यांच्याकडे राहूच शकत नाही. गाडीत कुणीतरी विसरलेली छत्री परत करायला ते भरूचला गेले होते, आणि ती छत्री प्रवासात एकदा उघडावी लागली म्हणून त्या माणसाची माफी मागून आले होते. शेजारचा डबा आमच्या घरात रात्र काढत नाही. असा माणूस, आणि त्याच्या पाठीत दुसऱ्याचं हाड स्क्रूने घट्ट केलेलं.

"उठा की," दुपारी आई म्हणाली. "सलीलने दोन्ही वेळा चालायला सांगितलंय."

"निरुपमा, मी उभा राहिलो की माझा सगळा भार त्या बिचाऱ्यावर येतो. जिवंतपणी त्याने स्वतःचा वाहिला. आता माझा वाहायचा?"

"मग बसा निदान."

"बसल्यावर मणक्यावर जास्त भार येतो. सलीलच म्हणाला."

तसं सलील खरंच म्हणाला होता. बसून राहू नका, चाला, या अर्थाने. बाबांनी त्यातलं सोयीचं तेवढं घेतलं. त्या दिवसापासून ते पडून राहिले. बाथरूमला जायला उठावंच लागे, तेव्हा "क्षमा असावी" असं पुटपुटत उठत. कूस बदलताना "जरा सरकतो हं" म्हणत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं. नंतर नंतर मी खोलीच्या दारापर्यंत जायचो आणि परत फिरायचो.

"त्याच्या घरच्यांनी अस्थी गोळा केल्या असतील," बाबा छताकडे बघून म्हणायचे. "चांदोदला जाऊन नर्मदेत सोडल्या असतील. त्यांना वाटत असेल, सगळं यथासांग झालं. आणि एक तुकडा इथे हरणीला, चौथ्या मजल्यावर. मला तर आता नर्मदेत डुबकीही मारता येणार नाही. मारली की त्याचं विसर्जन व्हायचं, आणि मी बाहेर आलो की पुन्हा रद्द."

सलील घरी आला आणि त्याने बाबांच्या पोटऱ्या दाबून बघितल्या. मला बाल्कनीत नेऊन म्हणाला, "अमोघ, हा विनोद नाही. असे पडून राहिले तर पायात गाठ धरू शकते, ती छातीत जाऊ शकते. आणि ते हाड नुसतं ठेवून धरत नाही. त्याच्यावर भार यावा लागतो. भारानेच नवं हाड तयार होतं. आपण मॅडमना सांगू."

"त्या बाबांना समजावतील?"

"शरीराच्या आतलं? ते कानात बोटं घालतील."

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की पितृपक्ष चालू आहे. मला उपाय सुचला, आणि इथेच मी थांबायला हवं होतं.

मी बाबांना म्हणालो, "आपण त्यांचं श्राद्ध घालू. सर्वपित्री अमावास्येला. त्यांना गती मिळाली की हाड हे नुसतं हाड. मग त्यावर उभं राहायला हरकत नाही." बाबांच्या चेहऱ्यावर ऑपरेशननंतर पहिल्यांदा रंग आला. आई म्हणाली, "घालायचंच असेल तर व्यवस्थित घालू. खीर, वडे सगळं करते. हाड दिलंय त्याने, वरणभातावर नाही भागवायचं."

गुरुजी आले. बाबांना वाकायची बंदी, म्हणून पाट रद्द होऊन डायनिंग टेबलावर मांडामांड झाली. मी म्हणालो, बाबांच्या ऐवजी मी करतो. गुरुजी म्हणाले, "तुला नाही करता यायचं. तुझे वडील हयात आहेत." मी म्हणालो, "गुरुजी, तीच तर सगळी भानगड आहे." कुणी हसलं नाही. जानवं उजव्या खांद्यावर घेताना ते पट्ट्याच्या बकलात अडकलं, ते आईने सोडवलं. बाबा "थोडाच वेळ बसतोय, सांभाळून घ्या" असं आपल्या पाठीला सांगून खुर्चीत बसले.

"नाव?" गुरुजींनी विचारलं.

"माहीत नाही," बाबा म्हणाले.

"गोत्र?"

"तेही नाही."

"हरकत नाही. गोत्र माहीत नसलं की काश्यप. पुरुष की स्त्री?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. आईने बघितलं. गुरुजींनी हातातलं तिळाचं पाणी तसंच धरून बघितलं.

"पुरुष," मी म्हणालो. इतक्या खात्रीने मी स्वतःच्या ब्लड ग्रुपबद्दलही कधी बोललो नव्हतो.

एका काश्यपगोत्री पुरुषाला पिंड मिळाला. आईने पान वाढलं, मी गच्चीवर नेऊन ठेवलं. कावळा येईना. बाबा खालून फोनवर होते. "आला?" "नाही." "त्यांची काहीतरी इच्छा राहिली असेल. म्हण, मी मांसाहार करत नाही, हाडाला त्रास होणार नाही." मी आकाशाकडे बघून म्हटलं. "आला?" "नाही." "म्हण, मी दरवर्षी श्राद्ध घालीन." शेजारच्या बिल्डिंगच्या गच्चीवर कावळ्यांची पंगत बसली होती. आमच्याकडे एक खार आली आणि वडा घेऊन गेली. आई म्हणाली, "आज सगळे कावळे आधीच बुक असतील." पण बाबा पुन्हा आडवे झाले. त्या माणसाची शेवटची इच्छा काय होती ते कळल्याशिवाय आता उठणं नाही.

म्हणून मी पारेखबेनना फोन केला. पडून राहिलेलं त्यांना सलीलने सांगितलं होतंच. मी विचारलं, "मॅडम, ज्यांचं हाड आहे त्यांच्या घरच्यांशी बोलता येईल का? जाताना ते काही बोलले होते का?"

"क्यां जाताना?"

"म्हणजे, वारताना."

"कोण ऑफ थई गया, अमोघ?"

मग त्यांनी दुसऱ्यांदा सांगितलं, आणि या वेळी मी ऐकलं. माणूस खुब्याचा सांधा बदलतो तेव्हा मांडीच्या हाडाचा जुना गोळा काढून टाकावा लागतो. एरवी तो फेकूनच देतात. काही लोक तो दान करतात. तो धुतात, त्यावर किरणं सोडतात, गोठवून ठेवतात. काही महिन्यांनी त्या माणसाला बोलावून त्याचं रक्त परत तपासतात, आणि मगच हाड वापरायला काढतात. "मरेला माणसाचं पण घेतात कुठे कुठे. पण तुझ्या पप्पाला घातलेलं हाड जिवंत माणसाचं आहे. तो तर नवा खुबा घालून बडोद्यातच मस्त फरतो असेल. मी तुला सगळं बोलली होती. तू मान हलवली."

"हो," मी म्हणालो. "हलवली होती."

बाबांना सांगताना मला वाटलं, ते आनंदाने उडी मारतील, आणि मला त्यांना उडी मारायची बंदी आहे म्हणून थांबवावं लागेल. "बाबा, कैलासवासी कैलासात नाहीतच! ते बडोद्यात आहेत! धडधाकट!"

बाबांनी दोन्ही हात चेहऱ्यावर घेतले.

"जिवंत माणसाचा पिंड पाडला मी," ते म्हणाले. "अरे, ज्याने हाड दिलं, त्याला मी पोचवला."

त्यानंतर आमच्याकडे गुजराती पेपर सुरू झाला, फक्त बेसणांच्या जाहिरातींसाठी. कोण वारलं, शोकसभा कुठे, फोटोसकट. बाबा पडल्या पडल्या पान डोळ्यांसमोर धरून एकेक चेहरा निरखायचे. "निरुपमा, हे बघ. कारेलीबागचे. यांचा खुबा बदललेला असेल का? चेहऱ्यावरून वाटतं." "अहो, फोटो छातीपर्यंतच आहे." "तरी पण. अमावास्येनंतर चौथ्याच दिवशी गेलेत." एकदा एक नव्वदीच्या आजी होत्या. बाबा दिवसभर जेवले नाहीत. मी म्हणालो, "बाबा, आपण पुरुषाचं घातलं होतं." ते म्हणाले, "ते तू सांगितलंस म्हणून."

त्यांना खोकला सुरू झाला होता. पोटऱ्या पायजम्यात सैल झाल्या होत्या. पारेखबेन घरी येऊन गेल्या, त्यांनी गोळ्या दिल्या, रागावल्या, हात जोडले. बाबा म्हणाले, "बेन, एकदा त्या माणसाची माफी मागू द्या, लगेच उठतो. नाव सांगा." त्या म्हणाल्या, "काका, नाव नाही सांगता येत. कायद्यात नथी." जाताना लिफ्टपाशी मला म्हणाल्या, "आठवडाभर बघते. पछी ॲडमिट करीश. काहीतरी कर तू."

काहीतरी करायला मला सांगू नये.

सलीलची आजी, नलिनीआजी, जुन्या शहरातल्या घडियाळी पोळात राहते. तिचा खुबा खरंच बदललेला आहे. "पण तिचं ऑपरेशन दुसऱ्याच हॉस्पिटलात झालं," सलील म्हणाला. "आणि तिचा गोळा फेकून दिला. तिने मागितला होता, दाखवायला, तरी दिला नाही."

"तुझ्या मॅडमनी आठवडा दिलाय," मी म्हणालो.

सलील बूट घालायला लागला. "आजीला मी नाही विचारणार. तू विचार."

मी विचारलं. आजीने एवढंच विचारलं, "त्यांच्याकडे लिफ्ट आहे ना?"

ती आली तेव्हा सोसायटीत गरब्याच्या मांडवात रात्रीची तयारी चालली होती. हातात काठी, अंगावर ठेवणीतलं पातळ. मी बाबांना म्हणालो, "बाबा, या नलिनीबाई. खूप खटपटीने शोधलं. हाड यांचं आहे." हे वाक्य म्हणताना मी कपाटाकडे बघत होतो. आई माझ्याकडे बघत होती.

बाबांनी पडूनच हात जोडले. "बाई, माझ्याकडून फार मोठा अपराध झालाय."

"झालाच आहे," आजी खुर्ची ओढून बसत म्हणाली. "माझं हाड गादीवर लोळवून ठेवलंत ना? निरगुडकर, त्या हाडाला लोळायची सवय नाही. चाळीस वर्षं मी त्याला घेऊन गरबा खेळले. मांडवातून शेवटी निघणारी मी असायची. डॉक्टर म्हणाले, बाई, नाचून नाचून झिजवलाय तुम्ही. आणि तुम्ही त्याला भार लागेल म्हणून आडवं ठेवलंय?"

"तसं नव्हे. मी तुमचं... मी श्राद्ध घातलं तुमचं."

"असं? काय केलं होतं जेवायला?"

"खीर, वडे..."

"आमसुलाची चटणी?"

"होती," आई म्हणाली.

"मग बरं होतं. संकल्पात नाव घेतलं माझं?"

"नाव माहीत नव्हतं."

"गोत्र?"

"काश्यप सांगितलं."

"आमचं भारद्वाज. आणि बाई म्हणून घातलं की पुरुष म्हणून?"

"पुरुष म्हणून," बाबा अपराध्यासारखे म्हणाले.

आजीने काठी जमिनीवर आपटली. "अहो, मग मला कुठून लागणार ते? नाव नाही, गोत्र चुकीचं, बाईचा पुरुष केलात. पोस्टातसुद्धा असं पाकीट परत येतं. कुणा भलत्याच काश्यप गोत्राच्या माणसाला वडे मिळाले, खाऊ दे त्याला. मी आहे ही अशी आहे. आता मला खाली रिक्षापर्यंत सोडायला या. पाहुणी आहे मी तुमच्याकडे. पाहुणीला नोकरासारखं दारातून वाटेला लावतात का?"

बाबा उठले. आईने पट्टा बांधला. एका बाजूने काठी घेतलेली आजी, दुसऱ्या बाजूने भिंत धरलेले बाबा, असे ते लिफ्टपर्यंत गेले आणि लिफ्टमधून रिक्षापर्यंत. सलीलने माझा हात इतका जोरात दाबला की मनगट दुखलं. आई बाल्कनीतून खाली बघत म्हणाली, "किती छान चालतायत." आणि मग माझ्याकडे न बघता, "देव करो आणि हे पचो तुला."

बाबा रोज चालू लागले. आधी गॅलरीत, मग पार्किंगमध्ये, मग सोसायटीमागच्या बागेत. परत आल्यावर ते नलिनीबाईंना फोन करत. "आज बागेला दोन फेऱ्या मारल्या. तुमच्या हाडाने काही तक्रार केली नाही." दसऱ्याला त्यांनी आपट्याची पानं पहिल्यांदा नलिनीबाईंना पाठवली, माझ्याच हाती. आजी म्हणाली, "अमोघ, आता मला कसंतरी होतं रे. काल म्हणाले, मी त्यांच्या आईच्या जागी आहे." मी म्हणालो, "एक्स-रे होईपर्यंत आजी. फक्त तोपर्यंत." दिवाळीत बाबांनी तिला पाडव्याचा नमस्कार करायला वाकायचा प्रयत्न केला, तेव्हा आम्ही तिघांनी त्यांना धरलं. ती डोळे पुसत आत गेली. बाबांना वाटलं, मायेने.

तेव्हापासून मी एक्स-रेचे दिवस मोजायला लागलो.

एक्स-रेला बाबा स्वतःच्या पायांनी गेले. पारेखबेननी फिल्म उजेडावर लावली आणि पेनाने दाखवलं, "जुओ काका, इथे धरायला लागलं. फर्स्ट क्लास. आता तुमचं हाड हळूहळू त्या हाडात शिरेल. ते जुनं विरघळत जाईल, तिथे तुमचं नवं होईल. दोनेक वर्षांत बधुं तुमचंच."

बाबा या वेळी बाहेर गेले नव्हते. त्यांनी कानात बोटंही घातली नव्हती. ते फिल्मच्या अगदी जवळ गेले. "म्हणजे त्यांचं संपणार?"

"संपणार नाही, तुमचं होणार."

"मी पाठीने खाल्ल्यासारखंच झालं की ते." त्यांनी जरा विचार केला. "बेन, या फोटोची एक कॉपी मिळेल? नलिनीबाईंना दाखवायचा आहे. त्यांचं आहे तोवर त्यांनी एकदा बघावं."

"कोण नलिनीबाई?"

"ज्यांचं हे हाड आहे त्या."

पारेखबेननी माझ्याकडे बघितलं. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे, पण त्यांना सगळं कळलं असावं. त्यांनी फिल्म काढली, पाकिटात घातली आणि सावकाश म्हणाल्या, "काका, मला तर नावाचं काही बोलता येत नाही. कॉपी आपीश."

म्हणजे दार उघडं होतं. मी गप्प बसलो असतो तर सगळं तसंच चाललं असतं. बाबा चालत राहिले असते. आणि मी बोललो तर ते पुन्हा आडवे होणार, हे मला दिसत होतं. खोकला, सैल पायजमा, बेसणांचं पान. बाबा ते पाकीट दोन्ही हातांत धरून उभे होते, प्रसाद धरतात तसं.

"बाबा, ते त्यांचं नाही," मी म्हणालो. "त्या सलीलच्या आजी आहेत. त्यांचं ऑपरेशन दुसरीकडे झालं. तुम्ही उठावं म्हणून मी त्यांना आणलं. कुणाचं आहे ते मला माहीत नाही. कुणालाच सांगता येणार नाही. पुरुष की बाई तेही मला तेव्हा माहीत नव्हतं, आताही नाही."

पारेखबेन पेनाचं टोपण लावत राहिल्या. ते आधीच लागलेलं होतं.

बाबांनी खुर्चीकडे बघितलं. आता बसतील, मला वाटलं. मी खुर्ची पुढे केली.

ते बसले नाहीत. म्हणाले, "आधी तू त्याला मारलास. मग जिवंत केलास. मग त्याची नलिनीबाई केलीस. अमोघ, त्या माणसाने मला फक्त हाड दिलं होतं. आता त्याला आणखी काही करू नकोस."

मी पुढे केलेली खुर्ची परत जागेवर ठेवली. बाबा माझा हात न धरता जिना उतरले. लिफ्ट असताना.

घरी आल्यावर त्यांनी नलिनीआजीला फोन केला. मी दाराबाहेर उभा होतो. "कळलं मला," एवढं ते म्हणाले, मग बराच वेळ ती बोलत होती आणि ते ऐकत होते. शेवटी म्हणाले, "रडू नका. उठवलं तुम्हीच आहे." माझं नाव त्यात आलं नाही.

संध्याकाळी ते पट्टा बांधून हॉलमध्ये आले. मी सोफ्यावरून उठलो. "चल," ते म्हणाले. तीन महिन्यांत इतक्या कमी शब्दांत मला कुणी घाबरवलं नव्हतं.

बागेत शिरल्यावर पहिल्या बाकावर एक गुजराती काका बसले होते. बाबांनी थांबून त्यांना नमस्कार केला. पुढे दोन आजी येत होत्या, त्यांना केला. पिंपळाखाली पत्ते खेळणाऱ्या चौघांना एकेकाला वेगळा केला. मी बघत राहिलो तर म्हणाले, "बघतोस काय? यांच्यातला कुणीही असेल. तूही कर. तू जास्त कर."

मी केला. रोज करतो. संध्याकाळी हरणीच्या त्या बागेत जेवढी पिकली माणसं येतात, तेवढ्यांना आम्ही दोघं हात जोडतो, कमरेतून न वाकता. नीट चालणाऱ्यांना बाबा जरा जास्त वेळ जोडतात, कारण खुबा नवा असेल तर चाल चांगलीच असणार. माझ्याशी ते अजून मोजकंच बोलतात. पण तिसऱ्या फेरीत दमले की कोपर धरतात. आधी भिंत शोधतात, बागेत भिंत नाही.

परवा पत्तेवाल्यांपैकी एकाने पान टाकता टाकता विचारलं, "मोटाभाई, कॉर्पोरेशनना इलेक्शनमां उभा रहेवाना छो? कई पार्टी?"

बाबा गंभीरपणे म्हणाले, "ना भाई. उभा रहेतो नथी. चालुं छुं."

चौघेही हसले. बाबांनी माझ्याकडे बघितलं, मीही हसतोय का ते बघायला. माझ्या जिभेवर पक्षाचं नाव आणि निशाणीसुद्धा तयार होती. समोरून काठी टेकत एक आजोबा येत होते. मी हात जोडले.